नवी कोल्हापुरी चावतेय, जुन्या बुटांचा चुरा झाला: पायात घालायचं तरी काय?

चांदणी_ठाणे | ११ एप्रिल, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

दोन दुखणी आहेत, एकाच धाग्यात मांडते.

पहिलं नवऱ्याचं. सहा वर्षांपूर्वी चांगले पैसे मोजून घेतलेले काळे बूट, कातड्याचे, फार तर दहा-बारा वेळा घातलेले. बाकी वेळ खोक्यात, कागदात गुंडाळून, अगदी जपून. परवा एका मुंजीला काढले. कार्यालयाच्या पायऱ्या चढताना मागे काळा चुरा सांडत होता, मला वाटलं कुणाच्या तरी केकचा. पंगत बसेपर्यंत डाव्या बुटाचा तळ अख्खा सुटून हातात आला. वरचं कातडं बघाल तर आरशासारखं. मुंज होती म्हणून अनवाणी फिरणं खपून गेलं. ऑफिसात झालं असतं तर?

दुसरं माझं. गेल्या आठवड्यात अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते, येताना तिथल्या चप्पल लाईनमधून कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) घेतली. दुकानात दोन मिनिटं चालून बघितली तेव्हा गुणी वाटली. घरी आल्यावर दात दाखवले. अंगठ्याच्या आतल्या बाजूला फोड आलाय, आणि डावा कान (पट्ट्याच्या बाजूला तळाशी शिवलेला कातड्याचा तुकडा) पावलाच्या कडेला असा घासतो की संध्याकाळी मोजा घालवत नाही. २ मे रोजी धाकट्या दिराचं लग्न आहे आणि नऊवारीवर मला हीच घालायची आहे. शेजारच्या काकू म्हणतात रात्रभर पाण्यात भिजत घाल, मऊ पडेल. घालू का?

आणि एकंदरीतच, टिकाऊ पायताण ओळखायचं कसं? दर दोन वर्षांनी नवे बूट घेऊन कंटाळा आलाय.

---

हिरवी_मिरची | रात्री ९:५८

नवी चप्पल आपल्याला चावायच्या आत आपण तिला चावायचं. आजीने सांगितलेलं. तीनदा, कुणी बघत नसताना. मी पाचवीत असताना खरंच चावले होते. चव तुरट लागते.

---

करवीरकर | रात्री १०:१५

आवो ताई, पाण्यात कशाला बुडवताय? पायताण हाय ते, हरभरं न्हवं!

आमच्या घरात तीन पिढ्या कापशी घालत्यात. आजोबा नवं पायताण आणलं की पयल्या दिवशी पायात घालायचेच न्हाईत. आधी त्याला तेल पाजायचं. गडी जेवला का न्हाई ते एकवेळ इचारायचे न्हाईत, पायताण तेल प्यालं का ते बघायचे.

आता जरा शिस्तीत सांगतो. एरंडेल घ्या, वाटीत किंचित कोमट करा. जुन्या सुती चिंधीने पट्ट्याच्या आतल्या बाजूला लावा, वरून नव्हे. मग अंगठ्याच्या कड्यात आतून. मग कान जिथे तळाला शिवलाय तिथे, कारण सगळ्यात ताठ जागा तीच, घासतो तो तिथूनच. तळाच्या कडांनाही बोट फिरवा. वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कोरड्या फडक्याने पुसून घरात फरशीवर अर्धा तास घाला, बस्स. दुसऱ्या दिवशी पाऊण तास. तीन दिवसांनी पुन्हा तेल. आठ-दहा दिवसांत चप्पल तुमचं ऐकायला लागते.

अंगठ्याचं कडं फारच आवळ असेल तर लाटण्याचं टोक त्यात अडकवून रात्रभर ठेवा. (लाटणं जुनं घ्या. नंतर पोळ्यांना एरंडेलाचा वास आला तर मला बोलू नका.)

फोड बरा होईपर्यंत मात्र तिला हात लावू नका. दुखऱ्या पायाने माणूस वाकडं चालतं, आणि चप्पल त्या वाकड्या चालीचा साचा धरते.

---

चांदणी_ठाणे | रात्री १०:२२

खोबरेल चालेल का? एरंडेल घरात नाही.

---

करवीरकर | रात्री १०:३१

चालतं, पण पातळ असतं, लवकर जिरतं, परत परत लावावं लागतं. आणि थंडीत थिजून पांढरं दिसतं. मेडिकलात एरंडेलाची छोटी बाटली मिळते की.

---

फ्रीजवाली_सून | १२ एप्रिल, सकाळी ८:०५

बुटात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची, तोंड घट्ट बांधायचं आणि बूट फ्रीजरमध्ये ठेवायचा. पाण्याचा बर्फ होताना फुगतो, बूट आतून ताणला जातो. मी केलंय, उपयोग झाला. फक्त सकाळी सासूबाईंनी मटार काढायला फ्रीजर उघडला आणि मटारच्या शेजारी माझा बूट. आठवडाभर बोलणं बंद होतं.

---

काटकसर | सकाळी ८:४०

कशाला हे सगळे उपद्व्याप? बाजारातून अडीचशे रुपयांची रबरी चप्पल घ्या, पहिल्या दिवसापासून मऊ. तुटली की दुसरी. तेल नको, फ्रीजर नको, सासूबाईंचा अबोला नको.

---

रापी_आरी | सकाळी ११:२०

चामड्याच्या कामात एकवीस वर्षं आहे, सध्या मुक्काम तमिळनाडूतलं आंबूर. (आंबूर, राणीपेट, वाणियंबाडी हा सगळा पट्टा बुटांचा आणि कातड्याचा.) मराठीत या विषयावर कुणी काही विचारत नाही, म्हणून आज जरा पाल्हाळ लावतो.

हिरवी_मिरची यांच्या पाचवीतल्या प्रयोगाला माझे पूर्ण गुण. चव तुरट लागली कारण ते कातडं हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं होतं. कोल्हापुरीचं पारंपरिक कातडं असंच होतं: कातडं पिशवीसारखं शिवायचं, टांगायचं आणि आत साल-हिरड्याचा काढा भरायचा. तो झिरपत झिरपत कातडं पक्कं होतं. तळाला म्हशीचं जाड कातडं, वर पट्ट्याला पातळ. या पद्धतीचं कातडं सुरुवातीला ताठ असतं, पण हळूहळू पायाचा साचा घेतं. बहुतेक बूट आणि मऊ सँडल मात्र क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याचे असतात. ते पहिल्या दिवसापासून मऊ, पाणीही बऱ्यापैकी सोसतं, पण दहा वर्षं घातलं तरी 'आपलं' होत नाही.

म्हणून दोघांचे उपाय वेगळे. काकूंचा पाण्याचा उपाय कोल्हापुरीला घातक आहे. कातडं पाणी पिऊन फुगतं, त्यातला रस बाहेर येतो, डाग पडतात आणि वाळल्यावर ती चप्पल आधीपेक्षा कडक होते. उन्हात वाळवली तर विचारूच नका, हिरड्या-बाभळीचं ओलं कातडं उष्णतेने आकसतं आणि तळ पापडासारखा वर वळतो. हेअर ड्रायरचा जो उपाय सगळीकडे फिरतो, जाड मोजे घालून बूट गरम करायचे, तो क्रोमच्या बुटावर जपून केला तर ठीक, कोल्हापुरीवर अजिबात नको. कारागीर स्वतः चामडं ओलसर करून आकार देतात हे खरं. पण ओलसर करणं निराळं आणि भिजत घालणं निराळं.

आता यजमानांच्या बुटाचं. तो तळ बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा होता. हलका, मऊ, चालायला झकास. पण हवेतल्या दमटपणाने त्याचे रासायनिक धागे तुटत जातात. बूट पायात असो वा नसो, ते चालूच राहतं, आणि ठाण्या-मुंबईच्या हवेत बंद खोक्यात ठेवले तर जोरात चालतं. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस केकसारखा चुरा. तुम्ही जपलेत म्हणूनच ते गेले म्हणा ना. पीयूचे बूट घेतले तर घालून टाका, लग्नाकार्यासाठी राखून ठेवू नका. रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारखं प्लास्टिक) तळ असा कुजत नाही. ईव्हीए, म्हणजे हलक्या फोमचा तळ, कुजत नाही, पण दबतो, वर्षभरात टाचेखाली खड्डा पडतो.

वरचं कातडं चांगलं असेल तर बूट फेकू नका. रबरी तळ लावून मिळेल.

---

काटकसर | सकाळी ११:३४

मान्य, माहिती चांगली आहे. पण टिकाऊ ओळखायचं कसं हा मूळ प्रश्न राहिलाच.

---

रापी_आरी | दुपारी १२:५०

माझ्या लेखी टिकाऊ बूट म्हणजे जो उघडून परत बांधता येतो तो. बाकी चकाकी.

चिकटवलेल्या बुटाचा तळ गेला की बहुतेकदा बूट गेला. शिवलेल्या बुटाला नवा तळ लागतो. गुडइयर वेल्ट हा शब्द ऐकला असेल: वरचं कातडं एका पट्टीला शिवतात आणि तळ त्या पट्टीला वेगळा शिवतात. तळ झिजला की खालची शिवण उसवायची, नवा तळ लावायचा, वरच्या भागाला धक्का नाही. महाग पडतो, आणि पहिला महिना कडकही असतो, हे दुकानदार सांगत नाही.

सावध राहण्याची जागा म्हणजे खोटी शिवण. तळाच्या कडेला छान टाके दिसतात, पण ते साच्यातच उठवलेले असतात किंवा नुसत्या शोभेच्या दोऱ्याचे. नखाने दोरा हलवून बघा. मग टाच मागून चिमटीत दाबा, पुठ्ठ्यासारखी चेपली तर ठेवून द्या. बूट बोटांपाशी वाकवा: चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या येतात, रंगाचा थर दिलेल्या हलक्या कातड्यावर मोठ्या घड्या पडतात, पीयू लेदर नावाच्या प्लास्टिकवर तर वर्षभरात पापुद्रे. आत हात घालून अस्तर बघा. लोक आरशात बूट बघतात, आत कुणी बघत नाही, आणि पाय राहतो आत.

---

पायपीट | दुपारी २:१५

मापाबद्दल मी थोडी भर घालते. खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय किंचित सुजलेले असतात, सकाळी नेमका बसलेला बूट रात्री चावतो. दोन्ही पायांत घाला, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप त्याचं घ्यायचं.

आणि डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपी मापात सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. दोन पट्ट्यांच्या रेघाच जुळत नाहीत, तर ८ म्हणजे ४२ की ४२.५ यावर दुकानदाराशी वाद घालून काय उपयोग? शिवाय ही मापं आपल्या पायांवरून आलेलीच नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांची पावलं मोजून 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवली आहे. ती दुकानात येईपर्यंत पाय नेऊन बघणं हाच उपाय.

---

माउली_चालतोय | दुपारी ४:०२

राम कृष्ण हरी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणं, पाच वाऱ्या झाल्या. पहिल्या वारीला नवीन सँडल घेऊन गेलो होतो, हौसेने. पुण्यातून सासवडच्या वाटेला लागलो, दिवे घाटात टाचा सोलल्या. पुढचे चार दिवस गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून चाललो. एका आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, "बाळा, वारीला देव नवा चालंल, वहाण जुनी पायजे."

तेव्हापासून जूनमध्ये निघायचं असेल तर सँडल मार्चमध्ये घेतो. आधी घरात, मग भाजीला, मग पाच किलोमीटर, मग पंधरा. पट्टा जिथे घासतो तिथे आधीच व्हॅसलीन, फोड आल्यावर नव्हे. आणि पावसात भिजले की रात्री पट्टे सैल करून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, चुलीपासून लांब ठेवायचे. चुलीजवळ वाळवलेल्या एका सोबत्याच्या चपला सकाळी कुरडईसारख्या झाल्या होत्या.

---

डॉ_आवळा | संध्याकाळी ६:२०

धाग्यावर डॉक्टरी करणार नाही, एवढंच सांगते. फोड फोडू नका, त्यावरची कातडी हीच उत्तम मलमपट्टी. स्वच्छ, सैल पट्टी लावा. फुटलाच तर साबणपाण्याने धुऊन झाका.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर 'चप्पल सवयीची होईल, थोडं सोसा' हे वाक्य त्यांना सांगू नका. पायाची जाणीव कमी झालेली असते, चावतंय हे कळतच नाही. माझ्याकडे असेच एक गृहस्थ आले होते, सँडलमध्ये खडा घेऊन दिवसभर फिरलेले. त्यांनी पहिल्या मिनिटापासून मऊ आणि रुंदच घ्यावं, आणि रोज रात्री तळवे बघावेत.

---

ऱ्हाइनकाठ | रात्री ११:१८

जर्मनीत राहतो. इकडे बिर्केनस्टॉकचे सँडल घराघरात. बुचाचा, म्हणजे कॉर्कचा तळ असतो, पहिल्या आठवड्यात अक्षरशः लाकूड. मी आल्या आल्या घेतले आणि पहिल्याच दिवशी किल्ला बघायला गेलो. परत येताना सँडल हातात, बायको पुढे. नंतर दुकानातल्या बाईंनी सांगितलं, रोज तासभर घरात घाल, मोजे घालून. तीन आठवड्यांनी पायाचे खड्डे बरोबर उमटले. आता ती जोडी दुसऱ्या कुणाला होत नाही.

बुचाच्या कडा उघड्या असतात, त्यांना वर्षातून एकदा सील लावायचं, नाहीतर तडकतात. तळ झिजला की बदलून मिळतो. मी दोनदा बदलला.

---

झणझणीत | १३ एप्रिल, सकाळी ९:१०

कोल्हापुरीचा विषय निघालाच आहे तर २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारखे सँडल दाखवले, आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा नाही, हे कसं विसरता? आणि आपल्याकडे तरी काय, अर्ध्या दुकानांत कर्नाटकातला डुप्लिकेट माल.

---

करवीरकर | सकाळी ९:४५

प्राडाचं सोडा, बोंब उठल्यावर त्यांनी मूळ मान्य केलं. पण दुसरं वाक्य मागे घ्या. २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीर तितकाच अस्सल. डुप्लिकेट ओळखायचा तो राज्यावरून नव्हे.

खिळा दिसला की ठेवून द्या. अस्सल जोड चामड्याच्या वादीने शिवलेला असतो. तळाच्या कडेकडे आडवं बघा: सगळे थर कातड्याचे हवेत. हलक्या मालात मध्ये पुठ्ठा निघतो, पहिल्या पावसात लगदा. हातात वजन लागलं पाहिजे, आणि नाकाला लावली तर कातड्याचा वास आला पाहिजे, डिंकाचा किंवा पेंटचा नको. कर्र-कर्र वाजली म्हणजे अस्सल असंही नाही, तो आवाज मुद्दाम तळात 'विंचू' (खरा नव्हे, आवाज करणारी एक चीज) घालून काढतात. हौसेचा भाग.

आणि ताई, घेताना किंचित आवळच घ्यायची असते हे खरं. पट्टा, कान, अंगठा सैल पडतात. पण लांबी वाढत नाही. टाच तळाच्या बाहेर लोंबत असेल तर तेलाची घागर ओतली तरी फुकट, सरळ बदलून आणा.

---

काटकसर | सकाळी १०:०५

टाचेबद्दल हे कुणीतरी मला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

---

चांदणी_ठाणे | सकाळी १०:३०

टाच आत आहे, मोजून बघितली, अर्ध्या बोटाची जागा आहे. आजच एरंडेल आणते. काकूंना काय सांगायचं ते बघते.

---

हिरवी_मिरची | सकाळी १०:३३

सांगा की चावून बघितली, तुरट आहे.

---

चांदणी_ठाणे | ५ मे, रात्री ९:१५

लग्न पार पडलं, आता हिशोब देते.

आधी बूट. स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांकडे नेले. त्यांनी न बघताच विचारलं, "खोक्यात ठेवले होते ना?" म्हणे पावसाळा संपून लग्नसराई सुरू झाली की अशा बुटांची रांग लागते. त्यांनी उरलेला चुरा रापीने खरवडून काढला, रबराचा तळ चिकटवला, मग फर्म्यावर चढवून आरीने कडेने टाके घातले. मी तिथेच स्टुलावर बसून बघत होते. मेण लावलेला दोरा दोन्ही हातांनी एकदम ओढतात तेव्हा येणारा आवाज अजून कानात आहे. साडेसहाशे रुपये झाले. नवरा दोन दिवस लग्नात त्यातच उभा होता.

चप्पल: चार वेळा तेल पाजलं. पहिले तीन दिवस काहीच फरक नाही, मी करवीरकरांना मनात बरंच बोलले. सहाव्या दिवशी फरशीवरचा टकटक आवाज बदलला, जरा मंद झाला, आणि त्याच दिवसापासून अंगठा दुखायचा थांबला. डावा कान अजून किंचित लागतो, पण तो माझाच पाय रुंद आहे. रंग मात्र दोन छटा गडद झाला, मला आवडला.

चूक एकच झाली. लग्नाच्या आदल्या रात्री, आता शेवटचं म्हणून, सढळ हाताने तेल लावलं. सकाळी घाईत पुसायचं राहिलं. नऊवारीच्या काठाला मागच्या बाजूने वीतभर एरंडेलाचा डाग. फोटोत दिसत नाही, पण मला दिसतो.

---

करवीरकर | रात्री ९:३०

अरारा! शेवटचं तेल आणि कार्यक्रम यात चार दिवस तरी ठेवायचे. चूक माझी, सांगायला पाहिजे होतं. साडी रेशमी आहे का?

---

चांदणी_ठाणे | रात्री ९:३४

रेशमीच. सासूबाईंची.

---

फ्रीजवाली_सून | रात्री ९:३६

अरे देवा.

---

पायपीट | रात्री ९:४८

पाणी लावू नका. डागावर टाल्कम पावडरचा जाड थर द्या, रात्रभर राहू दे, सकाळी मऊ ब्रशने झाडा. तेल बरंचसं ओढून घेते. दोन-तीनदा करा. मग ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा आहे ते आठवणीने सांगा. आणि तोपर्यंत ती साडी सासूबाईंच्या कपाटात परत ठेवू नका.